दिव्यांग मुलांसाठी स्वतंत्र उद्यान हवं, की आहे त्याच मैदानात जागा? मी सही केली नाही, का ते वाचा

अनगोळचे_गुरुजी

बेळगावात आमच्या अनगोळ भागात उद्यानासाठी राखून ठेवलेला एक प्लॉट आहे. सध्या तिथं गाजरगवत, कुणाच्या तरी घराचं डबर आणि संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. गेल्या रविवारी काही मंडळी घरी आली. हातात नगरसेवकांना द्यायचं निवेदन: 'सदर जागेत दिव्यांग मुलांसाठी स्वतंत्र उद्यान करावे.' माणसं चांगली, ओळखीची. चहा झाला, गप्पा झाल्या, सही मात्र मी केली नाही. तेव्हापासून गल्लीत माझ्याबद्दल काय काय बोललं जातंय ते कानावर येतंय, म्हणून एकदाच सगळं इथं लिहितो.

माझी सगळी नोकरी मराठी प्राथमिक शाळांत गेली. वर्गात पायानं अधू मुलं होती, ऐकू न येणारी होती, चौथीत गेली तरी नीट न बोलणारी होती. पोरांनी त्यांना खेळात घेतलं ते कुठल्या योजनेमुळं नाही. आपल्याकडे लिंबूटिंबूची सोय पूर्वीपासून आहे. ज्याला पळता येत नाही त्याला लिंबूटिंबू करायचं. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळात असतो. एक पोरगा आठवतो, कुबडी घेऊन यायचा. लगोरीत तो लगोऱ्या रचायला बसायचा आणि त्याच्या हाताला जो वेग होता तो दोन्ही पाय धड असलेल्यांना कधी आला नाही. दोन्ही बाजू त्याला आपल्याकडे ओढायच्या.

स्वतंत्र उद्यान झालं तर अख्ख्या शहरात एक होणार. कंग्राळीच्या नाहीतर मच्छेच्या पोराला तिथं रोज कोण आणणार? महिन्यातून एकदा, रिक्षाला पैसे मोजून. आणि बाकीच्या मैदानांवरची माणसं मोकळी झाली, "तुमच्यासाठी तिकडं केलंय की!" म्हणायला. त्यापेक्षा तोच पैसा प्रत्येक गल्लीच्या आणि शाळेच्या मैदानात थोडाथोडा घाला.

शिव्या दिल्यात तरी चालेल, पण कारणासकट द्या.

शहापूरची_आई

गुरुजी, नमस्कार. तुमच्या घरी आलेल्यांत मी नव्हते, पण तो कागद मी टाइप केलाय.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी. पाय साथ देत नाहीत, एक हात थोडा वाकडा, बोलणं सवयीच्या माणसालाच कळतं. डोकं तल्लख. पाच वर्षांचा होता तेव्हा लिंबूटिंबू म्हणून त्याला घ्यायचे आणि मलाही बरं वाटायचं. आता तेराव्या वर्षी काय? त्याला आउट व्हायचंय. हरायचंय, हरल्यावर चिडून भांडायचंय. जो कधी बादच होत नाही त्याच्याशी कोण भांडेल? आणि तुमच्या त्या लगोरीवाल्या मुलानं कधी चेंडू मारला का, की नेहमी रचायलाच बसला?

आता आमच्या जवळच्या उद्यानाचं सांगते. फाटकात लोखंडी पाइप नागमोडी लावलेत, गुरं आणि मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून. चालणारा माणूस अंग चोरून जातो, व्हीलचेअर जात नाही. मग मी त्याला उचलायचं, आणि माळीकाकांनी रिकामी खुर्ची पाइपांवरून पलीकडं द्यायची. तो आता माझ्या खांद्याला लागतो. ही कसरत फाटकावर बसलेली सगळी माणसं बघत असतात आणि त्याला ते कळतं. आत गेलं की झोक्याखाली वाळू. खुर्चीची पुढची लहान चाकं वाळूत रुतली की संपलं. झोका म्हणजे रबराचा पट्टा, पाठ टेकायला काही नाही. घसरगुंडीला उभी शिडी. मग आम्ही बाकावर बसून भेळ खातो आणि घरी येतो.

'आहे त्या मैदानात सामावून घ्या' हे ऐकायला गोड आहे हो. आहे ते मैदान आम्हाला फाटकातच अडवतं.

तालमीतला_गडी

गुरुजी आणि ताई, तुम्ही दोघं भांडूलायत ते मैदानासाठी, पण मैदान हाय कुठं ओ? मोठी मैदानं बघा. प्रदर्शन, सभा, कुठलातरी महोत्सव, मग भाऊ-दादांच्या नावाची टेनिस बॉल स्पर्धा. मांडव गेला तरी खड्डे तसेच. खिळे, काचा, नारळाच्या करवंट्या. आमची कबड्डीची पोरं आधी पायानं चाचपत एक फेरी मारतात, मग लाईन मारतात.

लेआउटमधल्या उद्यानाच्या जागेचं तर ठरलेलंच हाय. आधी एका कोपऱ्यात देऊळ, मग पाण्याची टाकी, मग ओपन जिम. त्या ओपन जिमवर म्हातारी माणसं सकाळी अर्धा तास, बाकी दिवसभर बारकी पोरं लोंबकळत असतात, कारण दुसरं काय नाहीच. बोटं चेमटतात त्यात. कर्नाटकात उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा राखायचा कायदा १९८५ सालचा हाय. आधी तो वापरून जागा सोडवा, मग आत कुठला झोका ते ठरवा.

आणि एक. त्या अनगोळच्या प्लॉटवर आता जी पोरं खेळतात त्यांना कुणी विचारलंय काय?

ओटी_बेळगाव

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना रोजची कामं, हालचाली, खेळ जमावेत म्हणून सराव करून घेते. या वादात 'स्वतंत्र' हा एकच मुद्दा पुढं आलाय आणि त्यामुळं जे खरं अवघड आहे ते मागं राहिलंय. उद्यानात आत जाता येणं ही एक गोष्ट, आणि आत गेल्यावर दुसऱ्या मुलासोबत खेळता येणं ही दुसरी. पहिली गवंडीकाम आहे. दुसरीसाठी डोकं लावावं लागतं.

झोक्याचंच घ्या. व्हीलचेअरसकट चढायचा एक झोका मिळतो, लोखंडी फळीवाला. पुढाऱ्यांना तो आवडतो कारण फोटोत तो लगेच ओळखू येतो. पण तो जड असतो, हलताना मध्ये कुणी आलं तर डोकं फुटेल, म्हणून त्याला कुंपण घालावं लागतं, कुंपणाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे तरी. शेवटी काय होतं, तर ते मूल एकटं झुलतं आणि बाकीची कुंपणाबाहेरून बघतात. त्याऐवजी जाळीचा मोठा गोल पाळणा टांगा. त्यात आडवं पडता येतं, दोघं-तिघं एकत्र बसतात, पाठ-मान सावरलेली राहते. ताईंचा मुलगा, त्याचा चुलतभाऊ आणि शेजारची मुलगी एकाच पाळण्यात. मी क्लिनिकमध्ये जे तासन्‌तास करून घेते त्यातलं बरंच तिथं हसत-खेळत होतं.

रॅम्पचा हिशेब लोकांना माहीत नसतो. एक फूट चढायला बारा फूट उतार हवा. म्हणजे तीन फूट उंच मचाणाला छत्तीस फूट, वर मध्ये वळायला सपाट जागा. एवढं लोखंड आणि काँक्रीट घालण्यापेक्षा मातीचा टेकाड करून त्याच्या अंगावर घसरगुंडी बसवली तर एका बाजूनं सावकाश उताराची वाट होते, दुसऱ्या बाजूनं पोरं चढत-घसरत जातात. शिडी नाही, उंचावरून पडणं नाही.

जमिनीबद्दल: वाळू आणि खडी व्हीलचेअरला नको हे खरं. पण सगळीकडे रबर अंथरा असंही मी म्हणणार नाही. आपला पाऊस बघता शेवाळ धरतं, आणि महाग आहे. रबर फक्त झोका-घसरगुंडीखाली. वाटेला चांगला दाबलेला मुरूम, पाणी निघून जाईल अशा उतारानं, पुष्कळ झाला.

आणि दिव्यांग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं खुर्चीच येते. माझ्याकडे येणाऱ्यांत स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं खूप आहेत. त्यांना कर्कश आवाज, गर्दी सोसत नाही. तशा मुलासाठी एक शांत कोपरा, कमरेएवढी भिंत, सावली, इतकं पुरतं. जी बोलत नाहीत त्यांच्यासाठी चित्रांचा फलक: झोका, पाणी, अजून, पुरे, शू. चित्रावर बोट ठेवायला ना मराठी लागते ना कन्नड, त्यामुळं निदान त्या एका फलकावरून तरी आपल्या गावात वाद होऊ नये!

बेंगळुरूत हे काम 'किलिकिली' या पालकांनी सुरू केलेल्या संस्थेनं महापालिकेला सोबत घेऊन केलंय, नेहमीच्याच उद्यानांत, सगळ्या मुलांसाठी. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे, निवेदनात घाला.

हिशेबी_माणूस

भावना बाजूला ठेवून बोलतो, राग येईल.

आमच्या प्रभागात व्हीलचेअरवर बसलेलं मूल मी उद्यानात कधी पाहिलं नाही. असतील चार-पाच. त्यांच्यासाठी पाळणे, रबर, टेकाड? तेवढ्यात दहा गल्ल्यांत साधे झोके बसतील. आणि बसवणं सोपं असतं. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलं, तेव्हापासून आपल्याला नवं बसवायची हौस आहे, बसवलेलं सांभाळायची नाही. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाला मंत्री यायचे झाले की रंग मारतो, जानेवारीत विसरतो.

चेन्नईचं बघा. मरीना किनाऱ्यावर व्हीलचेअर समुद्राजवळ जावी म्हणून लाकडी वाट केली, नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडली, आणि पुढच्याच महिन्यात मांडूस वादळात तिचा काही भाग मोडला. एवढ्या मोठ्या महापालिकेची ही गत.

शहापूरची_आई

दिसली नाहीत म्हणता. दिसणार कशी? फाटकाचं वर लिहिलंय ते वाचलंत ना?

आणि मरीनाची वाट नंतर दुरुस्त करून पुन्हा उघडली, ते का गाळलंत? वादळानं रस्ता वाहून गेला तर रस्ताच नको असं आपण म्हणतो का? लोंढ्याकडचा रस्ता दर पावसाळ्यात उखडतो, म्हणून तुम्ही गोव्याला जायचं सोडलंत?

ओटी_बेळगाव

@हिशेबी_माणूस, यात मेहेरबानीचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय. सार्वजनिक इमारत म्हणजे काय हे सांगताना त्यात करमणुकीच्या जागांचाही उल्लेख आहे, आणि जुन्या इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षांची मुदत केव्हाच संपली. मुलांना खेळायचा हक्क आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम ३१ मध्ये आहे, आपण तो १९९२ मध्ये मान्य केला. दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीनं खेळता आलं पाहिजे हे त्यांच्याच दिव्यांग हक्कांच्या करारात वेगळं लिहिलंय, त्यावर २००७ मध्ये आपण शिक्कामोर्तब केलं. देखभालीचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. निवेदनात देखभालीचा पैसा वेगळा मागायला हवा, आणि दुरुस्ती कोण करणार त्याचं नाव फलकावर.

किल्लेवाला_खासबाग

गुरुजींच्या बाजूनं एक. दिवाळीला आमच्या गल्लीत किल्ला होतो, मोठा. बेळगावात किल्ल्याचं काय वेड असतं ते सांगायला नको. गल्लीतल्या एका पोराला उभं राहता येत नाही. दरवर्षी तो दारात बसून बघायचा. एकदा पावसाचं पाणी साचतंय म्हणून आम्ही किल्ला जमिनीवर न करता विटांच्या कट्ट्यावर केला, साधारण टेबलाएवढ्या उंचीचा. त्याची खुर्ची बरोब्बर खाली बसली. मग काय, बालेकिल्ला त्याचाच! माची आणि बुरूज त्यानं केले, अळीव पेरलं, सकाळी उठून पाणी शिंपडायचं कामही त्याचं. आणि मावळे कुठं उभे करायचे यावरून बाकीच्यांशी कडाकडा भांडला. ताई म्हणतात ते भांडण.

तर सांगायचं म्हणजे, उंची बदलली तेवढ्यानं झालं. आता आम्ही दरवर्षी कट्ट्यावरच करतो. वाळूत खेळायची जागा अशी वर उचलून का करत नाहीत उद्यानात?

जांबोटीकर

शहरवाल्यांचं चालू दे. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत उद्यान नावाचा प्रकार नाही. शाळेचं आवार हेच मैदान, आणि जून ते सप्टेंबर तेही नाही. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. ते चार महिने पोरं शाळेच्या व्हरांड्यात. तुमच्या मुरमाच्या वाटेचा चिखल होतो इथं.

पैसा नाही असंही नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या निधीतले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. खर्च कशावर होतो? काठी, खुर्ची, शिलाई मशीन, आणि वाटपाचा फोटो. वस्तू मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण लहान पोरांसाठी त्यातलं काही मागावं हे कुणाच्या मनातच येत नाही. पंचायतीत दिव्यांगांसाठी ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, कुठल्या घरात कुठलं मूल आहे ते त्याला माहीत असतं. शाळेचं मैदान सपाट करायचं काम रोजगार हमीतून होतं. पंचायतीचं वाचनालय, म्हणजे आताचं अरिवु केंद्र, तिथं मुलं येतातच. तिथं एक पेटी ठेवा. आवाज करणारा चेंडू, मोठ्या सोंगट्या, हाताला लागतील अशा खुणांचा सापशिडीचा पट, चिकणमाती. पावसाळाभर चालेल. पुस्तकासारखं घरी न्यायचं, आठवड्यानं परत.

गुरुजी, तुम्ही म्हणता पोरं घेतात खेळात. घेतात. पण मूल अंगणापर्यंत यावं लागतं. आमच्यात काही घरं त्याला बाहेर सोडत नाहीत, आणि ते पडेल या भीतीनं नाही, लोकांना दिसेल म्हणून. बहिणीचं लग्न व्हायचंय. त्यावर तुमच्या कुठल्याच उद्यानात उपाय नाही.

निपाणीची_ताई

सगळं वाचलं. 'पोरगा', 'पोरं', 'मुलगा'. मुली कुठं आहेत?

आमच्याकडं विडी वळणाऱ्या घरांत दहा वर्षांची पोर शाळेतून आली की धाकट्याला काखेत घेते. आई पानं कापत, सूत बांधत असते. ही मैदानाच्या कडेला उभी राहून बघते. काखेतलं बाळ हे पण अडवणारं फाटकच आहे की. बारा-तेराव्या वर्षी तर तिला कडेलाही उभं राहू देत नाहीत, कारण मैदानावर 'ती पोरं' असतात. समावेशक म्हणता ना, मग बाळांना ठेवायला कठडा असलेली सावलीची जागा, प्रकाश, आणि चालू असलेलं मुलींचं संडास हे पहिल्या पानावर यायला पाहिजे. खेड्यात पंचायतीनं 'कूसिन मने' काढलीत, लहान बाळांसाठी पाळणाघरं. शहरातल्या वस्तीत तसं काही द्या, बघा किती मुली मैदानात येतात ते.

शहापूरची_आई

ताई, पटतं. पण खरं सांगते, भीती वाटते. समावेशकमध्ये मुली आल्या, आजी-आजोबा आले, मग चालायचा ट्रॅक आला, कट्टा आला, आणि शेवटी पैसे संपले म्हणून जाळीचा पाळणा राहिला. असं होतं. मुलींसाठी वेगळं निवेदन करूया, मी पहिली सही करते.

निपाणीची_ताई

माझी भाची अंध आहे आणि मुलगी पण. तिनं कुठल्या निवेदनावर सही करायची?

पांढरी_काठी

मी जन्मापासून पाहू शकत नाही. गाव चिकोडी तालुक्यातलं, आता नोकरीनिमित्त बेळगावात. फोन वाचून दाखवतो, बोलून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गुरुजी, तुमचा लिंबूटिंबू मी होतो. गावच्या क्रिकेटमध्ये माझ्याकडे स्कोअर असायचा. वही लागायची नाही, दोन्ही डावांच्या धावा, कुणाच्या किती, सगळं डोक्यात. पोरं प्रेमळ होती, कुणी कधी टिंगल केली नाही. बाहेरच्या टीमला सांगायची, "आमचा कॉम्प्युटर आहे." बॅट मात्र कुणी कधी हातात दिली नाही, आणि मीही मागितली नाही, कारण द्यायची नसते हे मला माहीत होतं.

मग अंध मुलांच्या निवासी शाळेत गेलो. तिथं प्लास्टिकचा कडक चेंडू, आत छर्रे, खुळखुळतो. गोलंदाज हात खालून टाकतो, चेंडू जमिनीवरून आवाज करत येतो. पहिल्याच आठवड्यात ओठ फुटला. टाका पडला. घरी पत्र लिहून घेतलं त्यात सगळ्यात आधी ते सांगितलं, आईला वाटलं पोरगं रडतंय. मी फुशारकी मारत होतो! तर ज्याला तुम्ही कुंपण म्हणताय, त्या कुंपणाच्या आत मी पहिल्यांदा खेळलो. आमच्या क्रिकेटचे नियम वाचा. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध हवेत, आणि पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट मोजतात. म्हणजे कॅप्टनला मी लागतोच. मला खेळवणं ही त्याची दया नाही, मी नसलो तर तो हरेल. लिंबूटिंबूत हे नाही. तिथं मी असलो काय नि नसलो काय, निकाल तोच.

म्हणून शहापूरच्या ताईंना माझा पाठिंबा, पण उद्यानासाठी नाही, वेळेसाठी. त्याच मैदानावर आठवड्यातून काही तास आमचे. छर्ऱ्याचा चेंडू, आमचे नियम. डोळस पोरांना यायचं तर यावं, डोळ्याला पट्टी बांधून. आणि वाटेच्या कडेला दोन बोटं उंच कड ठेवा, काठीला वाट कळते. पांढरे पट्टे कितीही मारलेत तरी मला त्याचा उपयोग नाही.

तालमीतला_गडी

काठीवाले दादा, मानलं तुम्हाला. तो चेंडू कुठं मिळतो? तालमीत एक आणून ठेवतो, पोरांना पट्टी बांधून लावतो कामाला, लय उड्या मारतात.

पण वेळेचं अवघड हाय. पाच ते साडेसहा ही एकच वेळ पोरांना मिळते, ट्यूशनच्या आधी. तेवढी कोण सोडणार? सकाळी सहा-सात चालेल काय?

शहापूरची_आई

सकाळी सहाला त्याचे स्नायू इतके आखडलेले असतात की कपडे घालायला अर्धा तास लागतो. नाही जमणार. संध्याकाळच हवी. रोज नको, पण संध्याकाळ हवी.

हिशेबी_माणूस

बघा, खरा वाद इथं आला. पैशापेक्षा पाच ते साडेसहा महाग आहे.

अनगोळचे_गुरुजी

सगळं दोनदा वाचलं. काठीवाल्या दादांचं धावा दुप्पट मोजण्याचं मला माहीत नव्हतं. शाळेत खो-खोला, लंगडीला असा एखादा नियम बसवता येईल का ते एका तरुण शिक्षकाशी बोललो, तो करून बघतोय. लंगडीत सोपं आहे म्हणतो, कारण तिथं सगळेच एका पायावर.

'स्वतंत्र उद्यान' यावर मात्र माझं मत तेच. अख्ख्या शहरात एक बेट करून ठेवलंत की बाकीची पन्नास फाटकं तशीच राहतील, आणि कुणाला काही वाटणारही नाही. शहापूरच्या ताई, निवेदनातून 'स्वतंत्र' काढा. पहिली मागणी अशी घाला: महापालिकेच्या प्रत्येक उद्यानाचं निदान एक फाटक व्हीलचेअर जाईल इतकं रुंद करा, नागमोडी पाइप काढा. मग आमच्या प्लॉटवर टेकाडाची घसरगुंडी, जाळीचा पाळणा, उंच कट्ट्यावरची वाळू. यावर मी सही करतो, आणि दोन शाळांच्या एसडीएमसीच्या (शाळा समितीच्या) सह्या आणून देतो.

शहापूरची_आई

'स्वतंत्र' काढते. फाटक पहिलं घालते. निपाणीच्या ताईंचा बाळांचा कठडा आणि संडास दुसऱ्या क्रमांकावर. पण राखीव वेळ घालणार, आठवड्यातून दोन संध्याकाळ. तो मी काढणार नाही.

अनगोळचे_गुरुजी

राखीव वेळ म्हणजे तेच मागच्या दारानं आलं, ताई. त्या दोन संध्याकाळी बाकीच्यांना हाकलणार का? आणि उरलेल्या पाच संध्याकाळी तुमच्या मुलाला "आज तुमचा वार नाही" म्हणून कुणी सांगितलं तर?

पांढरी_काठी

गुरुजी, हाकलायचं कुणी म्हटलं? खेळ आमच्या नियमानं चालेल एवढंच. उरलेले पाच दिवस मैदान तुमच्या नियमानं चालतंच की. आणि वार नाही म्हणून अडवणाराचं काय करायचं ते तालमीतले गडी बघतील.

तालमीतला_गडी

ते बघतो. पण आधी क्रिकेटच्या पोरांशी मी बोलतो, निवेदन जायच्या आधी. वरून ऑर्डर आली की ती बिथरतात. मंगळवार-शुक्रवार मागून बघू काय?

शहापूरची_आई

मंगळवारी फिजिओ असते. बुधवार-शुक्रवार मागा.

अनगोळचे_गुरुजी

तुम्ही वार ठरवून मोकळे झालात, मी अजून हो म्हटलेलं नाही. असो. नवा मसुदा इथं टाका, ओळ न् ओळ वाचून सांगतो. आणि कन्नड प्रत जोडावी लागेल, नाहीतर कागद टेबलावरून हलायचा नाही.

ओटी_बेळगाव

कन्नड प्रत मी करते, शनिवारपर्यंत. फाटकाची रुंदी आकड्यात लिहा, 'पुरेशी' लिहिलंत तर परत पाइपच येतील. मोजून निदान तीन फूट मोकळी.

हिशेबी_माणूस

चार फूट लिहा. तीन मागितले तर अडीच मिळतात.